दाढ क्रमांक छत्तीस

दुसऱ्या गेटाचं फाटक पडलंय,
डॉक्टर हिरेमठ पलीकडे स्कूटरवर अडकलेत.
तोवर मी कुलूप काढते, उदबत्ती लावते, कॉम्प्युटर उघडते.
कंपनीचं पत्र माझ्याआधीच येऊन बसलेलं:
‘आपला दावा विचाराधीन आहे.
खालील बाबींचा खुलासा करावा.’

खालील बाब म्हणजे ज्ञानदेव परशराम चौगुले,
उद्यमबागेतल्या फौंड्रीत मोल्डर, वय सेहेचाळीस.
क्रेनचा हूक हलला, जबड्यावर बसला,
खालची डावी दाढ, मागून तिसरी, उभी चिरली.
आमच्या तक्त्यात तिचा नंबर छत्तीस.
बिलावर छत्तीस लिहितानाच मनात म्हटलं,
ह्यांचं आणि कंपनीचं काही जमायचं नाही.

पहिली शंका नावाची.
हजेरीपटावर कन्नडमधून आलेला ज्ञ
पॉलिसीत इंग्रजी होताना जे आणि एन झाला.
आधारवर तोच डी, एन, वाय,
मराठी शाळेत बाई म्हणायच्या तसा.
‘दोन भिन्न व्यक्ती असल्याचे दिसून येते.’
ज्ञ आमच्या मुळाक्षरांत सगळ्यात शेवटी बसतो,
अक्कलदाढेच्या जागी,
आणि तिच्यासारखाच
कुठल्या अंगानं उगवेल, सांगता येत नाही.
हे मला सुचलं खरं,
खुलाशाच्या चौकटीत दोनशेच अक्षरांना जागा होती.

मग स्टॅम्प पेपर. कोर्टासमोरची टायपिंगची टपरी.
‘कन्नडात करू की मराठीत?’
‘कुठल्यात लवकर होतंय त्यात करा की ओ.’
शपथेवर लिहून देतो की ते दोघेही मीच.
सही करताना ज्ञानदेव हसले,
तोंडाच्या उजव्या बाजूनं तेवढे.

दुसरी शंका:
‘एक्स-रेमध्ये दात उजवीकडे दिसतो, बिलात डावा.’
साहेब, तुम्ही समोर उभं राहून बघताय.
खुर्चीत बसलेल्याचं डावं
समोरच्याला उजवंच दिसणार.
हे मात्र मी जसंच्या तसं पाठवलं,
फक्त ‘साहेब’ खोडून.

आठ दिवसांनी हुबळीहून फोन.
मुलगी आधी हिंदीत, मग कन्नडात,
मग माझ्या एका ‘ओ’वरून ओळखून, आवाज बारीक करून:
‘मी खानापूरची. नुसतं कॅप लिहू नका,
इथं ते सौंदर्यात धरतात.
कशासाठी बसवली ते लिहा.’
कशासाठी म्हणजे? माणसाला भाकरी खायची आहे.
मी लिहिलं, चर्वणकार्य पूर्ववत करणे.
भाकरीला एवढं मोठं नाव
मी पहिल्यांदाच दिलं.

बिल अकरा हजार चारशे.
मंजूर सहा हजार आठशे पन्नास.
हातमोजे वजा, कापूस वजा, सुई वजा,
जणू आम्ही ती दाढ उघड्या हातानं,
नुसत्या बोलण्यानं बरी करायला हवी होती.
‘होगली बिडी,’ डॉक्टर म्हणाले,
‘राहिलेले सावकाश घ्या.’
हे वाक्य त्यांना सोपं जातं,
वही माझ्याकडे असते.

काल कंपनीचा मेसेज आला:
दावा निकाली. आमच्या सेवेला
एक ते पाचमध्ये गुण द्या.
मी अजून दिलेले नाहीत.

शनिवारी पगार झाला की ज्ञानदेव येतात,
बोटांच्या पेरांत काळी वाळू,
पाचशेची एक नोट चौघडी घातलेली.
‘चावायला येतंय का?’
‘येतंय खरं, सवय अजून ह्या बाजूचीच.’
प्रिंटर बंद असतो बऱ्याचदा,
मी पावती हातानं लिहिते.
ज्ञची गाठ मला कधीच एका झटक्यात जमत नाही,
पेन अडतं, मी परत गिरवते.
ते काऊंटरला टेकून बघत राहतात.
‘हळू लिवा,’ म्हणतात,
‘गडबड नाही. फाटक पडलंय.’